नेसायचे की घालायचे?

आपली मराठी भाषा कपड्यांच्या बाबतीत मोठी काटेकोर आहे. सदरा घालतात, पागोटे बांधतात, शाल पांघरतात आणि धोतर नेसतात. ‘धोतर घातले’ असे कुणी म्हटले तर मराठीच्या पेपरात गुण जातील. पण आज हेच वाक्य वस्तुस्थितीला धरून आहे. दादरला किंवा हिंदमाताच्या बाजारात तरुण मुलाने धोतर मागितले की दुकानदार बहुधा शिवलेले धोतर पुढे टाकतो. कमरेला इलास्टिक, समोर शिवून टाकलेल्या निऱ्या आणि बाजूला मोबाइलसाठी खिसा! पाय घालायचे, वर ओढायचे, संपले. महाविद्यालयांच्या ‘ट्रॅडिशनल डे’ला आणि गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत हीच वस्तू सर्वत्र झळकत असते. ती धोतर नव्हे, धोतराच्या आकाराची विजार आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पहिले धोतर घेऊ पाहणाऱ्या मित्रांसाठी हा लेखनप्रपंच आहे. (मैत्रिणींच्या शिवलेल्या नऊवारीबद्दल मी काही बोलणार नाही. तेवढे धैर्य माझ्यात नाही.)

पहिला प्रश्न असा येतो की, रोजच्यासाठी एक आणि समारंभासाठी एक, अशी दोन धोतरे घ्यावीत काय? माझे उत्तर आहे, नको. विद्यार्थ्याच्या खिशाला एकच परवडते आणि एकच पुरते. जुन्या शाळांची छायाचित्रे पाहा. मास्तर धोतरावर कोट आणि डोक्याला टोपी घालून बसलेले असतात. तेच मास्तर संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बंडी घालून बसत, तेव्हाही खाली धोतरच असे. घर आणि समारंभ यांतला फरक कमरेच्या वर होता. खाली फार तर परीटघडीचे, कडक इस्त्रीचे धोतर येई. म्हणून पहिले धोतर पांढरे, सुती आणि बारीक काठाचे घ्यावे. त्यावर साधा सदरा चालतो, लग्नात कोटही शोभतो. पिवळे चकचकीत घेऊ नये. ती पितांबराची नक्कल आहे, आणि पितांबर, कद किंवा मुकटा ही सोवळ्याची वस्त्रे होती. पूजेला नेसायचे वस्त्र नेसून जुना माणूस रस्त्यावर मिरवायला निघाला नसता. आपण मात्र ते पॉलिएस्टरमध्ये करून मोटारसायकलवर बसतो.

धोतर साधारण चार ते पाच वार लांब असते. उंच मुलाने पाच वारीच घ्यावे, नाहीतर काचा मारल्यावर पुढच्या निऱ्यांना कापड उरत नाही. नव्या कापडाला खळ असते, म्हणून दोनदा धुतल्याशिवाय नेसायला घेऊ नये. खळीचे कापड कमरेवर बसत नाही, सरकते. आणि ‘सुटेल’ ही जी सर्वांना भीती असते, ती कमरेच्या पहिल्या गाठीवर अवलंबून आहे. ती गाठ नीट बसली की वर पट्टासुद्धा लागत नाही. दादर स्टेशनचा जिना चढताना मात्र सोगा हातात धरावा.

ही माहिती मला आजोबांकडून मिळाली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. आजोबा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. साचा म्हणजे माग, हे मला पुस्तकातून नव्हे, घरातून कळले. त्यांच्या साच्यावर धोतरे निघत, पण ते स्वतः कामावर अर्ध्या चड्डीत असत, कारण साच्याजवळ सुटा सोगा म्हणजे जिवाशी खेळ. स्वतःसाठी त्यांच्याकडे एकच जोडी, ती शिमग्याला गावी जाताना आणि लग्नकार्याला निघे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यानंतर त्यांचा साचा पुन्हा चालला नाही. पुढची वीस वर्षे त्यांनी पहारेकऱ्याच्या गणवेशात काढली. आजही कुणाच्या अंगावर धोतर दिसले की ते आधी काठ बघतात, मग माणूस.

सांगायचे असे की, हे वस्त्र आपल्या लालबाग-परळशी असे विणलेले आहे. ३१ जुलै १९२१ रोजी गांधीजींनी परदेशी कपड्यांची होळी पेटवली ती परळमध्ये, एल्फिन्स्टन मिलच्या आवारात. स्वातंत्र्यानंतर हातमागाला काम राहावे म्हणून सरकारने गिरण्यांच्या धोतरांवर मर्यादा घातली, आणि १९५३ साली त्यासाठी कायदा करून जादा अबकारी कर बसवला. १९६४ पासून नियंत्रित दराच्या कापडाची जी योजना आली, तिच्या पाच प्रकारांत साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल यांच्या जोडीला धोतर होते. म्हणजे रेशनच्या धान्यासारखी ती गरिबाची गरज मानली गेली होती! आता ते ‘एथनिक’ झाले आहे.

माझ्या एका वर्गमित्राचा यावर आक्षेप आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो म्हणतो, “धोतर तुमच्या आजोबांनी विणले असेल, पण त्याचा मान कुणाला होता? बाबासाहेबांनी सूट घातला तो उगाच नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी आमच्या बायकांना सांगितले की, जात ओळखू येईल अशी लुगडी नेसू नका.” त्याचे म्हणणे खरे आहे. पेशवाईत पुण्याच्या सोनारांना ब्राह्मणांसारखे धोतर नेसायला मनाई झाली होती, असे डॉ. घुर्ये यांनी नोंदवले आहे. कापड तेच, पण निऱ्यांवरसुद्धा पहारा! गुडघ्यावर काचा मारलेला कोण आणि घोट्यापर्यंत सोडलेला कोण, हे पाहून माणसाची किंमत ठरत असे. मी त्याला एवढेच म्हणालो की, ज्या नेसण्यावर इतका पहारा होता ते आता कुणीही, कसेही नेसावे. माझ्यासारख्या साचेवाल्याच्या नातवाने ते घोट्यापर्यंत सोडावे, त्यातही एक उत्तर आहे. त्याचे पूर्ण समाधान झाले नाही, आणि झालेच पाहिजे असा माझा हट्टही नाही.

स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांचा किल्ट असाच. बंडानंतर १७४६ च्या कायद्याने इंग्रजांनी तो पुरुषांना बंद केला, १७८२ साली बंदी उठवली. आज तिथली मुले तो लग्नापुरता भाड्याने आणतात म्हणे, अगदी आपल्या ‘ट्रॅडिशनल डे’सारखा. पण बरेचजण तो विकतही घेतात, आणि फुटबॉलचा सामना पाहायलाही नेसून जातात. (किल्ट नेसतात की घालतात, हे मराठीच्या सरांनी ठरवावे.) तामिळनाडूत २०१४ साली एका क्लबने वेष्टी नेसलेल्या न्यायमूर्तींना दारातच अडवले, तर त्याच वर्षी विधानसभेने असे अडवणे बेकायदा ठरवले. आपल्याकडे तसा कायदा झाल्याचे ऐकिवात नाही. क्लबच्या दारापर्यंत धोतर नेसून जातोच कोण?

म्हणून माझा आग्रह आहे की धोतर एखाद्या रविवारी, काही निमित्त नसताना नेसावे. दादरच्या ग्रंथालयात जावे, भाजी आणावी. पहिल्या दिवशी चाळीतली पोरे हसतात, तिसऱ्या रविवारी ती निऱ्या कशा घालतात ते विचारतात. शिवलेल्या धोतराबद्दल विचारण्यासारखे काही नसतेच.

अजून एक व्यवहाराची गोष्ट राहिली. धोतर जोडीने घेतले तर स्वस्त पडते. दोन पाने सलग विणलेली असतात, मधली न विणलेली जागा बघून कापायची. मी घेतलेल्या जोडीतले एक पान मी वापरतो. दुसरे अजून कोरे आहे. द्वितीय वर्ष कला शाखेतल्या कुणाला निम्म्या किमतीत हवे असेल त्याने मधल्या सुटीत भेटावे, वरच्या आक्षेपवाल्या मित्रानेसुद्धा. नेसायला शिकवण्यासाठी आजोबा रविवारी सकाळी घरीच असतात.