देव न मानणाऱ्याची नीती

आपल्या घरांत ‘नास्तिक’ हा शब्द अजूनही दूषण म्हणून वापरला जातो. नातू देरासरात येईनासा झाला की आजी म्हणते, ‘नास्तिक झालाय’, आणि त्या एका शब्दात तो बेजबाबदार, उधळ्या व अविश्वासू असा सगळा मिळून ठरून जातो. शब्दाचा इतिहास पाहिला तर मात्र गंमत वाटते. वेदांची निंदा करणारा तो नास्तिक, ही मनुस्मृतीची व्याख्या धरली तर तुम्ही-आम्ही सारे नास्तिकच आहोत. दर्शनशास्त्राच्या ग्रंथांत शतकानुशतके आपली पंगत बौद्ध व चार्वाक यांच्याबरोबर मांडली गेली आहे. आचार्य हरिभद्रसूरींनी ‘षड्दर्शनसमुच्चय’ लिहिताना ही वाटणी स्वीकारली नाही. जैन आणि बौद्ध दर्शनांना त्यांनी आस्तिकांत घेतले आणि अखेरीस लोकायतांचे, म्हणजे चार्वाकांचे, मतही त्यांची कुचेष्टा न करता मांडले.

जगाचा कर्ता असा ईश्वर आपण मानत नाही, हे पाठशाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. मोठेपणी आपण ते विसरतो. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी महापुराणात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेची चिकित्सा केली आहे. सृष्टी नव्हती तेव्हा तो कोठे होता, कोणत्या साहित्यातून त्याने ती घडविली आणि परिपूर्ण असलेल्याला घडविण्याची इच्छा तरी का व्हावी, असे त्यांचे प्रश्न आहेत. आजचा बुद्धिवादी याहून वेगळे काही विचारत नाही. तीर्थंकर कोणाला काही देत नाहीत, कोणाचे काही हिरावत नाहीत. तेव्हा ‘देव मानत नाही, म्हणून त्याला नीती नाही’ हा युक्तिवाद इतर कोणी केला तर करो, जैनाला तो करता येणार नाही.

आपल्यात आणि आजच्या नास्तिकात खरा फरक आहे तो पुढचा. आपण आत्मा, कर्म व पुनर्जन्म मानतो. तो यांपैकी काहीच मानत नाही. त्याच्या लेखी मृत्यूनंतर हिशेब नाही. मग असा मनुष्य सचोटीने का वागेल? या प्रश्नाचे उत्तर तर्काने शोधण्यापेक्षा आपल्या डहाणू-तलासरीच्या मातीत शोधावे, असे मला वाटते.

माझ्या नोकरीतील काही वर्षे तलासरी भागातील शाखेत गेली. अंगठा उठविणाऱ्या कर्जदाराला कागद त्याच्या भाषेत वाचून, समजावून सांगितल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, असा बँकेचा दंडक. नवा असताना मला ती निव्वळ औपचारिकता वाटे. एका वृद्ध वारली कर्जदाराने सारे ऐकून घेतल्यावर शांतपणे विचारले, ‘साहेब, हे सगळं फिटलं म्हणजे फिटलं ना?’ त्या प्रश्नामागे केवढा काळ उभा आहे, हे मला गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचल्यावर कळले. हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्या घरी ते नसेल त्यांनी ग्रंथालयातून आणावे.

गोदावरीबाई १९०७ साली पुण्याच्या सुखवस्तू गोखले घराण्यात जन्मल्या. महाराष्ट्रात कायद्याची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या महिला म्हणून त्यांचा उल्लेख होतो. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. पुढे पती शामराव परुळेकर यांच्यासह त्या कम्युनिस्ट पक्षात गेल्या. मार्क्सवादी विचारात ईश्वराला जागा नाही, परलोकाला नाही आणि पूर्वजन्मीच्या कर्मालाही नाही. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिला तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले होते. आजची तलासरी त्या काळी उंबरगाव तालुक्यात मोडत असे. त्यांच्या तोंडून जे ऐकले त्यामुळे हे दांपत्य या जंगलपट्टीत आले.

येथे तेव्हा ‘वेठ’ होती, म्हणजे जमीनदाराने बोलावले की आपले शेत टाकून फुकट राबायचे. ‘लग्नगडी’ होते. लग्नासाठी थोडी रक्कम उचलायची आणि नवरा-बायको दोघांनी वर्षानुवर्षे, पुष्कळदा जन्मभर, धन्याच्या घरी गुलाम म्हणून राहायचे. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी सुगीत कितीतरी वाढवून परत करावी लागे. कर्ज किती, फेड किती, बाकी किती, हे सारे सावकाराच्या वहीत. आणि वही वाचता येणारा माणूस पाड्यावर एकही नसे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला येथे थांबावेसे वाटते. जमाखर्चाची विद्या विश्वासाच्या पायावर उभी आहे. वाचू न शकणाऱ्याच्या नावे खोटी नोंद करणे म्हणजे त्या विद्येचाच खून.

हे करणारे नास्तिक होते काय? त्यांत नाना धर्मांचे लोक होते, आणि आपापल्या उपासनेत ते बहुधा चुकत नव्हते. त्यांत आपले किती, याची मोजदाद मी येथे करीत नाही. आपणही वहीखात्याने जगणारा समाज आहोत, एवढे ध्यानात असावे. वारलीही श्रद्धाळूच होते. वाघोबा, हिरवा, कणसरी हे त्यांचे देव, आणि विवळवेढ्याच्या महालक्ष्मीवर त्यांची निष्ठा. म्हणजे श्रद्धा दोन्ही बाजूंना होती. मध्ये उभी राहिली ती मात्र देव न मानणारी बाई.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करायची नाही आणि बारा आणे रोख रोजाशिवाय जमीनदाराच्या कामावर जायचे नाही, असा निर्धार तेथे झाला. लग्नगडी मुक्त होऊ लागले. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. जेठ्या गांगड हा त्यांतला पहिला. परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. तरी त्यांनी हे काम सोडले नाही. शामराव १९६५ साली स्थानबद्धतेत असतानाच निवर्तले. गोदावरीबाई १९९६ पर्यंत जगल्या, आणि या भागातील लोक त्यांना शेवटपर्यंत गोदूताई म्हणत.

आता प्रतिक्रमणातील वंदित्तु सूत्र आठवा. आपण ते प्राकृतात म्हणतो, भराभर म्हणतो, आणि अर्थाकडे बहुधा लक्ष नसते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही तीच यादी थोड्या फरकाने आहे. अहिंसा अणुव्रताचे अतिचार कोणते? बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर भार लादणे, अन्नपाणी रोखणे. सत्याच्या अतिचारांत कूटलेख, म्हणजे खोटा दस्तऐवज. अचौर्याच्या अतिचारांत खोटे तराजू आणि खोटी मापे. वेठ, लग्नगडी, खावटी आणि वहीतील खोटी बाकी ही या यादीशेजारी ठेवून पाहा. श्रावकाने जे करू नये म्हणून आपण पर्युषणात हात जोडतो, नेमके तेच थांबविण्यासाठी ती नास्तिक स्त्री रानावनात हिंडली.

तिचे सारे विचार मला मान्य आहेत असे नाही. वर्गसंघर्षाची भाषा माझ्या अहिंसेच्या संस्काराला खटकते. देव नाकारणाऱ्या सत्तेने सोव्हिएत रशियात शेतकऱ्यांवर जे अत्याचार केले, ते पाहता नास्तिकपणाने मनुष्य आपोआप दयाळू होतो असेही कोणी म्हणू नये. पण एक गोष्ट मला अनेक वर्षे टोचते आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून ‘ज्याचे त्याचे कर्म’ असे म्हणण्याची सोय आपल्याला आहे, तिला नव्हती. कर्मसिद्धांत हे स्वतःचे खाते तपासण्याचे साधन आहे. शेजाऱ्याच्या खात्यावर त्याच्या दैन्याची नोंद टाकून आपण मोकळे व्हावे, यासाठी तो भगवंतांनी सांगितलेला नाही. तसे असते तर परस्परांना उपकारक होणे हे जीवांचे कार्य आहे, असे उमास्वातींनी कशाला सांगितले असते? त्या बाईपुढे भुकेलेला लग्नगडी आला तेव्हा त्याच्या दुःखाचे कारण तिला पूर्वजन्मात शोधता येत नव्हते. ते सावकाराच्या ओट्यावरच शोधावे लागले, आणि तेथे ते सापडलेही.

हे सारे लिहिण्याचे निमित्त म्हणजे एका परिचित गृहस्थांचा प्रश्न. मुलीने निवडलेला मुलगा शिकलेला आहे, निर्व्यसनी आहे, पण ‘मी देव-धर्म मानत नाही’ असे स्वच्छ सांगतो. होकार द्यावा की नाही? मी त्यांना म्हटले, त्याच्या वडिलांचे दुकान आहे ना, तर एकदा दुकानावर जा. तेथील नोकरांना पगार कोणत्या तारखेला मिळतो ते विचारा. दिवाळीत उचल दिली असेल तर तिची नोंद कोण ठेवतो आणि ती त्या नोकराला दाखविली जाते का, तेही विचारा. गृहस्थ जरा गोंधळले. एवढेच विचारायचे का, म्हणाले. मी म्हटले, एवढे विचारून या, मग पुढचे बोलू. आणि जमल्यास आपल्या स्वतःच्या दुकानातही हेच दोन प्रश्न विचारा, कारण मुलाकडचे लोकही तुमच्याकडे येणारच आहेत.