ध्येयवाक्यात शिक्षक कुठे आहे?

पगार नसलेल्या संस्थेत हुकूम चालत नाही. दिवसभराची नोकरी आटोपून रात्री दोन तास संगणकापुढे बसणाऱ्या माणसाला ‘हे राहू दे, ते कर’ असं सांगायचं, तर नुसतं पद असून भागत नाही. दोघांनीही आधी मान्य केलेलं काहीतरी कागदावर असावं लागतं. म्हणूनच स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या संस्थेचं ध्येयवाक्य हा कंपनीच्या स्वागतकक्षात टांगलेल्या चौकटीपेक्षा बराच गंभीर मामला आहे. तरी ते लिहिताना बहुतेक ठिकाणी एकच गफलत होते. आपण काय करणार हे लिहायचं सोडून जगात काय घडेल हे लिहून संस्था मोकळी होते. आपल्याकडच्या न्यासपत्रांत ‘संस्थेचे हेतू’ म्हणून वृक्षारोपणापासून नेत्रशिबिरापर्यंत वीस कलमं घातलेली असतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे वीस कलमांऐवजी एकच भव्य वाक्य असतं. शैक्षणिक सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना ही गफलत जास्त महागात पडते, कारण त्यांच्या आणि मुलाच्या मधे फार माणसं उभी असतात.

शुगर लॅब्ज या संस्थेची कहाणी त्यासाठी नीट पाहण्यासारखी आहे. 2005 साली एमआयटीतल्या निकोलस निग्रोपॉंटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली आणि त्यातून ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही मोहीम उभी राहिली. हा लॅपटॉपचा नव्हे, शिक्षणाचा प्रकल्प आहे, असं ते वारंवार सांगत. आपल्या सरकारने 2006 मध्ये या योजनेला नकार दिला, तरी पुढच्याच वर्षी रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्या प्राथमिक शाळेत हे हिरवे-पांढरे लॅपटॉप प्रायोगिक तत्त्वावर पोचले होते. त्यांच्यात चालणारी प्रणाली म्हणजे शुगर. शिक्षणविचारक सेमूर पॅपर्ट यांचा विचार तिच्या मुळाशी होता: मूल काहीतरी घडवतं तेव्हा ते शिकतं. शुगरमध्ये फायली आणि फोल्डरांचं जंजाळ नाही, ‘सेव्ह’ करण्याची आठवण ठेवावी लागत नाही. मुलाने काल काढलेलं चित्र, परवा लिहिलेल्या चार ओळी, मित्राबरोबर केलेला खेळ हे सगळं ‘जर्नल’ नावाच्या रोजनिशीत आपोआप तारखेनिशी येऊन बसतं. त्या लॅपटॉपच्या कळफलकावर एक खास कळही होती. ती दाबली की चालू असलेल्या कार्यक्रमाच्या आतला मजकूर उघडावा, मुलाने तो वाचावा, हवा तर बदलावा, असा बेत होता. 2008 च्या एप्रिलमध्ये मोहिमेत सॉफ्टवेअरची धुरा सांभाळणारे वॉल्टर बेंडर बाहेर पडले आणि मे महिन्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शुगर लॅब्ज सुरू केली. त्याच महिन्यात त्या लॅपटॉपवर विंडोज चालवण्याची घोषणाही झाली. यंत्र एका वाटेने गेलं, शिकण्याचा विचार दुसऱ्या. नव्या संस्थेकडे कारखाना नव्हता, सरकारांशी करार नव्हते. होते ते स्वयंसेवक आणि उघडा कोड.

मूळ मोहिमेच्या वचनाचं काय झालं, याचा सर्वांत चांगला पुरावा पेरू देशात आहे. तिथल्या सरकारने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास करून 2012 मध्ये निष्कर्ष मांडले. यंत्रं खरोखर पोचली होती, मुलं ती वापरतही होती. पण गणितात आणि भाषेत मोजता येईल असा फरक पडला नव्हता. सर्वसाधारण बुद्धिकौशल्याच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली, ही बाबही झाकून ठेवू नये. शाळांत इंटरनेट जवळपास नव्हतंच. यंत्र आणि धडा यांची सांगड घालायची कुणी, हा प्रश्न शिक्षकांवर येऊन पडला आणि त्यांना त्यासाठी पुरेसा आधार मिळाला नाही. आता या निकालापुढे ‘जगातल्या सर्वांत गरीब मुलांना शिक्षणातून सक्षम करू’ हे मोहिमेचं वाक्य ठेवून पाहा. ते खोटं ठरलं असंही म्हणता येत नाही आणि खरं ठरलं असंही नाही. जे वाक्य अपयशानंतरही जसंच्या तसं ताठ उभं राहतं, त्याच्याकडून काय सुधारायचं हे कळत नाही.

शुगर लॅब्जसारख्या संस्थेने म्हणूनच आपल्या हातातल्या कामाचं वचन द्यावं. मूल शिकेल हे वचन तिच्या हातात नाही. शिक्षण खातं, यंत्राची खरेदी, वीज, मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका एवढ्यांना ओलांडून ते मुलापाशी जातं. सॉफ्टवेअर लिहिणं, ते चालतं ठेवणं, त्याचं भाषांतर करणं, शिक्षकाला ते आपल्या पाठात कसं बसवता येईल हे दाखवणं, एवढं मात्र तिच्या हातात आहे. शुगर लॅब्जच्या सुरुवातीच्या निवेदनात हे शहाणपण होतं. वापरणाऱ्यांना आणि बनवणाऱ्यांना साथ देणं आणि ठिकठिकाणी स्वायत्त स्थानिक केंद्रं उभी करून प्रणाली तिथल्या भाषेला आणि अभ्यासक्रमाला जुळवून घेणं, असा त्याचा आशय होता. अशा वाक्यावरून वर्षाअखेरीस हिशेब मागता येतो: किती केंद्रं टिकली, पेरूतल्या केचुआ आणि आयमारा भाषांमधली भाषांतरं कुठवर आली, मराठीचं काय झालं. पण शिकणारा आणि बनवणारा यांच्या मधला शिक्षक त्यातही धूसरच राहिला. पेरूचा धडा नेमका तिथला आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की छोट्या वाक्याने माणसं पेटून उठत नाहीत. स्वयंसेवक आणि देणगीदार स्वप्नाकडे येतात. देणगीदारांपुरतं हे खरं आहे, आणि स्वप्न सांगायला वेगळी जागा ठेवावी, हेही मान्य. स्वयंसेवकांबद्दल मात्र शंका आहे. शुगर लॅब्जकडे येणाऱ्यांत गुगल समर ऑफ कोड या उन्हाळी उपक्रमाच्या निमित्ताने येणारे विद्यार्थी असतात आणि त्यात भारतातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलंही असतात. त्यांना हवं असतं ते सोडवण्याजोगं काम आणि चूक दाखवणारा मार्गदर्शक. उन्हाळा संपल्यावर त्यांनी थांबावं असं वाटत असेल, तर त्यांनी लिहिलेला कोड कुठल्या वर्गात कोण वापरणार आहे हे त्यांना दिसायला हवं. ‘जगातली मुलं’ या शब्दांत तो वर्ग दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काम इतकं नेमकं लिहिलं की संस्था त्या कामाशी जखडली जाते. त्या लॅपटॉपचं नाव वाक्यात असतं, तर तो मागे पडल्यावर संस्थेला स्वतःलाच गाशा गुंडाळावा लागला असता. प्रत्यक्षात शुगर पेनड्राइव्हवर गेलं, ब्राउझरमध्ये चालणारं शुगरायझर आलं, ठोकळे जुळवून संगीत रचता येणारं म्युझिक ब्लॉक्स आलं. हे सगळं एका धाग्यात कशाने बांधलं? करून पाहणं, आत डोकावणं, केलेल्याकडे मागे वळून बघणं, या शिकण्याच्या रीतीने. तेव्हा आक्षेपाचं उत्तर भव्यतेकडे पळण्यात नाही. वाक्यात यंत्र नको, ‘शुगर’ हे नावही नसलं तरी चालेल; पण ही रीत मात्र स्पष्ट शब्दांत हवी. तिच्यात तडजोड केली तर उरेल ते सॉफ्टवेअर बनवायला इतर संस्था पुष्कळ आहेत.

तिसरी तक्रार कोड लिहिणाऱ्यांची असते: शब्दांचा कीस पाडत बसण्यापेक्षा तेवढ्या वेळात चार दुरुस्त्या झाल्या असत्या. खरंय, होतात. दुरुस्ती कुठली आधी, हे कुणाला तरी ठरवावं लागत नाही तोवर ही तक्रार रास्त आहे. सात जणांच्या संचालक मंडळापुढे थोडेसे पैसे आणि तीन प्रस्ताव आले की ती संपते.

मसुदा करायचाच तर तो साधारण असा असेल: ‘मुलांना स्वतः काही घडवता येईल, आतून उघडून पाहता येईल आणि बदलता येईल, असं मुक्त सॉफ्टवेअर आम्ही बनवतो, चालतं ठेवतो, आणि शिक्षकांना ते त्यांच्या भाषेत, त्यांच्या पाठात वापरता यावं म्हणून त्यांच्याबरोबर काम करतो.’ ऐकायला फार गोड नाही. पण प्रस्ताव घासून पाहायला उपयोगी आहे. शाळांसाठी टॅब्लेट विकत घेण्याचा प्रस्ताव यातून गळतो. मराठी भाषांतर पुरं करून त्याबरोबर तिसरीच्या गणिताचे पाठ शिक्षकांसोबत बसवण्याचा प्रस्ताव आत येतो. तिसरा आज प्रत्येक शैक्षणिक सॉफ्टवेअरपुढे उभा आहे: मुलाच्या प्रश्नांना उत्तरं देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता जोडायची का? तिच्याशी बोलून मूल काही घडवेल, हे शक्य आहे. मात्र दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर चालणारं प्रचंड मॉडेल कुठल्याही कळीने उघडून पाहता येत नाही, आणि पेरूतल्या त्या शाळांसारख्या शाळेत तिथवर पोचायला इंटरनेटही नसतं. तेव्हा जोडणी करणाऱ्याने आधी सांगावं, की उघडून पाहता येईल असं छोटं, त्याच यंत्रावर चालणारं मॉडेल घेऊन हे जमतं का. नाही जमलं, तर या वाक्याप्रमाणे मत विरोधात जाईल.