कॅप्टन बॉयकॉटचे क्रियापद

कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालक १० टक्क्यांपुढे सरकेना. सप्टेंबरात बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा धाडल्या आणि परगणा त्याच्यावर उलटला. शेतमजूर कामाला येईनात, लोहार नाल ठोकेना, धोबीण कपडे धुवेना, बॅलिनरोबचे दुकानदार माल देईनात.

त्याच महिन्यात एनिसच्या सभेत पार्नेल या पुढाऱ्याने लोकांना बजावले होते, की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला वाळीत टाका. तोच उपाय आता कारभाऱ्यावर चालला. उभे पीक काढायला कॅव्हन आणि मोनाहन परगण्यांतून ५० माणसे आणावी लागली, त्यांच्या रक्षणाला हजारभर सैनिक आणि पोलीस. पीक सुमारे ५०० पौंडांचे, खर्च १०,००० पौंडांच्या घरात! डिसेंबर लागताच बॉयकॉट आयर्लंड सोडून निघून गेला.

या शिक्षेला शेतकऱ्यांच्या तोंडी बसेल असे नाव हवे होते. ते फादर जॉन ओमॅली यांनी सुचवले, असे अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ याने लिहून ठेवले आहे. कारभाऱ्याचे आडनावच क्रियापद झाले आणि फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांतही शिरले. बंगालच्या फाळणीनंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या बरोबरीने बहिष्कार आला, तो याच अर्थाने.

पण महाराष्ट्रातल्या खेड्यांत बहिष्काराचा दुसराही अनुभव आहे, आणि तो फार कडू आहे. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. आंबेडकर सदस्य होते. दलितांनी हक्क मागितला की नेहमीची वाट बंद होते, वाणी जिन्नस विकत नाही, असे त्या समितीने नोंदवले. दुकान मेयोतही बंद झाले होते. तिथे मात्र दुबळ्या कुळांनी जमीनदाराच्या माणसाला अडवले, इथे जमीन आणि दुकान हाती असलेल्यांनी भूमिहीनांना उपाशी ठेवले. या दोन्ही गोष्टी एकाच तागडीत तोलणे हा अन्याय आहे.

जातपंचायतींना आवर घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. आंतरजातीय लग्नावरून वाळीत टाकलेले कुटुंब पोलीस ठाण्यात आले, तर ‘समाजाचा अंतर्गत मामला’ म्हणून त्याला परत पाठवता कामा नये. पहिल्याच दिवशी गुन्हा नोंदवून घ्यायला हवा.