चिनी औषध : काढा, गोळी की दाणे? मुलांच्या बाबतीत प्रश्न चवीपेक्षा मात्रेचा

लहान मुलाला कडू काढा पाजणे ही घरातली छोटी लढाईच असते. चीनमधल्या आईवडिलांचा अनुभवही वेगळा नाही. म्हणूनच तिथे मुलांसाठी पाण्यात विरघळणारे गोडसर दाणे सर्रास वापरले जातात. सोय झाली, हे खरे. पण रूप बदलले की औषध तेच राहते का?

किती प्रकार आहेत?

चिनी परंपरेत काढ्याला ‘थांग’, पुडीला ‘सान’ आणि गोळीला ‘वान’ म्हणतात. काढा लवकर काम करतो आणि रुग्ण पाहून त्यातली एखादी वनस्पती कमी-जास्त करता येते, म्हणून नव्या, तीव्र दुखण्यात त्याला पसंती. गोळीचा परिणाम सावकाश, म्हणून ती जुनाट तक्रारींसाठी. याशिवाय अवलेहासारखे पाक, औषधी दारू आणि त्वचेवर लावायचे लेपही आहेत. आपल्याकडचे काढा, चूर्ण, गुटी माहीत असणाऱ्यांना ही विभागणी लगेच समजेल.

उकळण्याने काय फरक पडतो?

खूप. बचनागाच्या कुळातले ‘फूत्झ’ नावाचे मूळ विषारी असते. ते आधी शुद्ध करून मग इतर वनस्पतींच्या अगोदर बराच वेळ उकळावे लागते, कारण दीर्घ उष्णतेने त्यातल्या विषाचे विघटन होते. इथे घाई केली तर जिवावर बेतू शकते. उलट पुदिन्याच्या जातीची पाने शेवटच्या काही मिनिटांतच टाकतात, नाहीतर त्यांचे तेल वाफेबरोबर उडून जाते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मलेरियाचे. ‘चिंगहाओ’ या वनस्पतीचे अर्क प्रयोगांत खात्रीने काम करत नव्हते. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात ती न उकळता, पाण्यात भिजवून पिळून रस देण्याची कृती होती. त्यावरून उष्णतेने औषधी घटक नष्ट होत असावा, असे शास्त्रज्ञ तू योयो यांच्या लक्षात आले. 1971 मध्ये त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि तो प्रभावी ठरला. त्यातूनच आर्टेमिसिनिन मिळाले आणि 2015 मध्ये तू यांना नोबेल. वनस्पती तीच होती, देण्याची पद्धत बदलली.

मग तयार दाण्यांचे काय?

कारखान्यात काढा करून तो आटवतात आणि स्टार्चसारख्या पदार्थावर सुकवतात. जपानमध्ये असे 148 पाठ सरकारी आरोग्य विम्यात आहेत. तैवानमध्येही विम्यातून मुख्यतः अशीच औषधे मिळतात. दर पाकिटात मात्रा सारखी राहते, हा मोठा फायदा. पण हा अर्क घट्ट असतो. एक ग्रॅम दाणे म्हणजे एक ग्रॅम वनस्पती नव्हे, अनेकदा त्याच्या कित्येक पट. ‘चमचाभरच तर आहे’ हा हिशेब इथे चुकतो.

मुलांसाठी वेगळे काय?

हा प्रश्न चीनमध्ये 900 वर्षांपूर्वीच विचारला गेला. सोंग काळातले बालवैद्य छ्येन यी यांनी मोठ्यांच्या एका आठ औषधींच्या गोळीतून दालचिनी आणि फूत्झ ही दोन उष्ण द्रव्ये काढून टाकली. मुलांच्या शरीरात उष्णता मुळातच पुरेशी असते, हा त्यामागचा विचार. उरलेल्या सहांची गोळी टाळू वेळेत न भरणाऱ्या मुलांना कोमट पाण्यात विरघळवून दिली जाई. 1119 मध्ये त्यांच्या शिकवणीचा ग्रंथ निघाला आणि ती गोळी आजही विकली जाते. म्हणजे मुलांचे औषध ही मोठ्यांच्या गोळीची अर्धी मात्रा नव्हती. घटकांपासून पाजण्याच्या रीतीपर्यंत सारे नव्याने ठरवले गेले.

आज त्यात काही इशारे जोडावे लागतात. पारंपरिक गोळ्या बऱ्याचदा मधात वळतात आणि एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. त्यात बॉट्युलिझमचा धोका असतो. औषधी दारू मुलांसाठी नाहीच. मुलांना शांत करण्याच्या काही जुन्या गोळ्यांत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे खनिज असते. लेपही निर्धोक समजू नयेत, कारण बाळाची त्वचा पातळ असते. नवजात बाळांच्या काविळीच्या भीतीने सिंगापूरने 1978 मध्ये बर्बेरिनवर बंदी घातली होती. ती पुढे उठली, पण अशक्त एन्झाइम असलेल्या बाळांबाबतची सावधगिरी कायम आहे.

पालकांनी काय करावे?

सिंगापूर किंवा हाँगकाँगमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना अशी दुकाने घराजवळच दिसतात. तिथे काही घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : यात नेमके कोणते घटक आहेत? ही मात्रा माझ्या मुलाच्या वजनासाठी आहे का? आधीच सुरू असलेल्या औषधांबरोबर हे चालेल का? उत्तर नोंदणीकृत वैद्याकडूनच घ्यावे आणि मुलाच्या डॉक्टरांनाही सांगावे. चढता ताप, झटके किंवा धाप असेल तर मात्र थेट रुग्णालय गाठावे.

अनेक चिनी पाठांच्या परिणामाचे पक्के पुरावे अजून अपुरे आहेत. म्हणून तर देण्याची पद्धत अधिक काटेकोर हवी. मूल तोंड वाकडे न करता औषध घेते, ही पालकांची सोय झाली. ते औषध त्याच्यासाठीच आहे का, हे त्याआधी तपासायला हवे.