प्रकाशातील भोवरा आणि खर्चाचा हिशेब

ज्या संशोधनाचा उपयोग आज सांगता येत नाही त्यावर सार्वजनिक पैसा का खर्चावा, हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या दिवसांत हमखास विचारला जातो. गरिबांचा भार वाहणाऱ्या देशात तो विचारणे गैर नाही. त्याचे उत्तर एका वर्षाच्या ताळेबंदात शोधणे मात्र गैर आहे. प्रकाशशास्त्रातील एक उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक ठरावे.

वर्तुळ-ध्रुवित प्रकाशात विद्युत् क्षेत्राची दिशा सतत डावीकडे वा उजवीकडे फिरत असते. असा प्रकाश वस्तूला खरोखरच पीळ देतो, हे रिचर्ड बेथ यांनी १९३६ साली तंतूला टांगलेल्या स्फटिकाच्या चकतीवर मोजून दाखविले. १९९२ साली नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी दुसऱ्या भ्रमणाकडे लक्ष वेधले. झोताचे तरंगपृष्ठच मळसूत्रासारखे पिळलेले असेल, तर मध्यभागी काळोख राहून प्रकाशाचा भोवरा होतो. असा झोत प्रबळ भिंगाने एकवटला की ही दोन भ्रमणे परस्परांत मिसळतात. दोहोंची दिशा एकच असेल, तर मधला काळोख टिकतो. एकपदरी भोवऱ्यात ती परस्परविरुद्ध असेल, तर तेथे उजेड उतरतो.

हा तपशील केवळ पंडितांच्या विनोदाचा वाटेल. परंतु २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळालेले श्टेफान हेल यांच्या सूक्ष्मदर्शकात अशाच कंकणाकृती झोताने भोवतालचे चमकणारे रेणू विझवितात आणि मधले तेवढे पाहतात. अर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८७३ साली सांगितलेली सुमारे २०० नॅनोमीटरची मर्यादा त्यामुळे ओलांडता आली. झोत भोवऱ्याचा असेल आणि ध्रुवणाची दिशा चुकली, तर मधला काळोखच नाहीसा होतो व सारा खटाटोप व्यर्थ जातो. चकतीचा पीळ मोजणाऱ्या बेथ यांना या उपयोगाची हमी कोण मागू शकला असता?

आपल्याकडचा दाखलाही दूरचा नाही. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील तरुण एस. पंचरत्नम् यांनी १९५६ साली ध्रुवित प्रकाशाविषयी मांडलेल्या निष्कर्षाचे खरे मोल मायकेल बेरी यांच्या १९८४ च्या सिद्धान्तानंतर जगाला उमगले. पंचरत्नम् १९६९ मध्येच निवर्तले होते.

२०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. एवढ्या तुटपुंज्या रकमेतूनही तात्काळ फळाची अट घालणे म्हणजे पेरणीपूर्वीच बियाणे विकून खाणे होय. खर्चाचा हिशेब अवश्य मागावा. पण काम चोख झाले की नाही, एवढाच. फळ केव्हा लागेल, हे पेरणाऱ्यालाही ठाऊक नसते.