सोनाळ्याला पाहण्यासारखे काय आहे?

पाहण्याजोग्या ऐतिहासिक गावांच्या याद्या दिवाळीच्या आणि उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर हमखास छापून येतात. त्यांत वाई आणि मेणवली असते, पारनेर तालुक्यातले पळशी असते, पैठण असते. बुलडाणा जिल्ह्याची आठवण झालीच तर लोणार आणि सिंदखेड राजा येतात. जिल्ह्याची उत्तर बाजू, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके, त्यांत सापडत नाहीत. संग्रामपूर तालुक्यातले सोनाळा तर नाहीच. शेगावला वर्षभर लाखो माणसे येतात, गजानन महाराजांच्या समाधीचे दर्शन घेतात आणि मुंबई-हावडा मार्गावरची गाडी पकडून परत जातात. तिथून उत्तरेला थोड्याच अंतरावर सातपुडा उभा आहे आणि त्याच्या पायाशी महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या सहवासांपैकी एक अजून नांदतो आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. हा पट्टा पाहण्याजोगा ठरत नाही, कारण आपण गाव मोजतो ते त्याच्या दगडी बांधकामावरून. ही मोजपट्टी बदलायला हवी आणि तीही आत्ताच, कारण सोनाळ्याकडे रेल्वे निघाली आहे.

मोजपट्टीचा उगम समजून घेतला पाहिजे. फ्रान्समध्ये १९८२ साली ‘सर्वांत सुंदर खेड्यां’ची संघटना निघाली. तिची कल्पना कोलोंज-ला-रूज या तांबड्या वालुकाश्माच्या गावाचे महापौर शार्ल सेराक यांची. अटी स्पष्ट होत्या: लोकसंख्या २००० पेक्षा जास्त नको, गावात किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळे हवीत, आणि अर्ज करण्याआधी गावच्या परिषदेने तसा ठराव केलेला हवा. ओस पडत चाललेल्या फ्रेंच खेड्यांसाठी ही योजना शहाणपणाची होती. पुढे इटलीने तिचे अनुकरण केले आणि आता जगभरच्या पर्यटन-पुरस्कारांवर तिची छाया दिसते. पण ती मुळात माणसे सोडून गेलेल्या, दगड शिल्लक राहिलेल्या खेड्यांसाठी होती. वऱ्हाडात नेमके उलटे घडले. इथे घरे मातीची, छपरे धाब्याची. गढीची पांढरी माती पिढ्यान्‌पिढ्या खणून नेऊन लोकांनी त्याच मातीने आपली धाबी लिंपली. वास्तू झिजत गेली, गाव मात्र भरलेलेच राहिले. दोन संरक्षित वास्तूंची अट इथे लावली तर विदर्भातली निम्मी जुनी गावे पहिल्याच फेरीत बाद होतील. सोनाळा तर लोकसंख्येच्या अटीवरच बाद होईल, कारण ते आजही हजारोंच्या वस्तीचे, बाजारहाटाचे गाव आहे.

मग या गावाचे ऐतिहासिकपण कशात? आधी त्याच्या जागेत. दक्षिणेला पूर्णा नदीचे सपाट खोरे आहे आणि तिथला मोठा भाग खारपाणपट्टा आहे. विहिरीचे पाणी खारट, पिण्याला निरुपयोगी, पिकालाही बेताचे. उत्तरेला सातपुड्याची भिंत आहे. या दोहोंमध्ये डोंगरावरून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि गाळाचा एक अरुंद पट्टा आहे आणि तिथे गोडे पाणी लागते. जामोद, सोनाळा, हिवरखेड, आकोट, अंजनगाव, अचलपूर ही गावे या पायथ्याच्या ओळीने बसली आहेत. ही ओळ पश्चिमेकडे बऱ्हाणपूरच्या फारुकी राजधानीला आणि पूर्वेकडे अचलपूरच्या इमादशाही राजधानीला भिडते. म्हणूनच तिच्यावर नजर ठेवणारा नरनाळा किल्ला इतका महत्त्वाचा होता. त्याच्या महाकाली दरवाज्यावरचा शिलालेख १४८७ सालचा, बहमनी सत्तेच्या उतरत्या काळातला. दरवाजा उभारणारा फतहउल्ला इमादुल्मुल्क याने त्यानंतर थोड्याच वर्षांत वऱ्हाडात स्वतंत्र इमादशाही स्थापन केली. अकबराच्या काळात नरनाळा वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार होते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी याच पट्ट्यात अडगावला आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढच्या तीन आठवड्यांच्या आत गाविलगड पडला आणि देवगावचा तह झाला. शाळेत मुलांना पानिपतची तारीख पाठ असते. वऱ्हाडच्या भवितव्याला कलाटणी देणारी ही लढाई आपल्या पायथ्याला झाली, हे संग्रामपूर-तेल्हाऱ्याच्या किती मुलांना सांगितले जाते?

तरीही लढाया आणि किल्ले हा या पट्ट्याचा सर्वांत जुना इतिहास नव्हे. सर्वांत जुनी गोष्ट आहे भाषा. सोनाळ्याच्या उत्तरेला वसाली, अंबाबरवा, आणि पश्चिमेला जामोद, सोनबर्डी, कुंवरदेव, चालठाणा या भागात निहाल समाजाची वस्ती आहे. त्यांची निहाली भाषा भारतातल्या कुठल्याच ज्ञात भाषाकुळात बसत नाही. मराठी इंडो-आर्य कुळातली, शेजारची कोरकू मुंडा कुळातली. निहाली या दोन्हींतली नाही आणि द्राविडीही नाही. डच भाषाशास्त्रज्ञ एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिचे व्याकरण नोंदवले. तिच्यातले बहुतेक शब्द आज कोरकू, मराठी-हिंदी आणि द्राविडी भाषांतून आलेले आहेत. दोन, तीन, चार हे अंकसुद्धा द्राविडी वळणाचे आहेत. ही उसनवारी वजा केल्यावर उरलेल्या साधारण चौथाई मूळ शब्दांना मात्र कुठेच नातेवाईक सापडत नाही. म्हणजे इथे आर्य, द्राविड आणि मुंडा भाषा पोचण्याआधी या डोंगरात जे बोलले जात होते, त्याचा अवशेष या शब्दांत असावा, असे मानायला सबळ जागा आहे. भाषकांची संख्या साधारण दोन हजार. त्यांतले जवळपास सगळे कोरकूही बोलतात, बाजारात वऱ्हाडी बोलतात. पायथ्याच्या आठवडी बाजारात वऱ्हाडी, भिलाली, कोरकू आणि निहाली एकाच दिवशी कानावर पडू शकतात. इतक्या लांब पल्ल्याचा इतिहास चालता-बोलता दाखवणारी जागा महाराष्ट्रात दुसरी कुठली आहे? नरनाळ्याचा शिलालेख सव्वापाचशे वर्षांचा म्हणून आपण त्याचा मान राखतो. त्याच्यापुढे ही भाषा किती जुनी, याचा हिशेबच लागत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. माणसांची भाषा, त्यांचे जगणे ‘पाहण्याजोगे’ म्हणून मांडले की माणसांचे प्रदर्शन होते. आदिवासी पाड्यांवर मोटारी नेऊन नाच करायला लावणारे पर्यटन देशात इतरत्र आपण पाहिले आहे आणि ते लाजिरवाणे आहे. पण या धोक्यावर दुर्लक्ष हा उतारा होत नाही. निहालांची उपेक्षा कोणत्याही पर्यटनाशिवाय झालीच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश कागदपत्रांत ते लुटारू म्हणून येतात, नंतरच्या नोंदींत कोरकूंच्या शेतावरचे मजूर म्हणून. त्यांची भाषा शाळेत नाही, दवाखान्यात नाही, कचेरीत तर नाहीच. तेव्हा सीमारेषा नीट आखावी. पाड्यावर पाहुणा जाणार नाही. पाहुणा बाजारापर्यंत येईल. भाषेविषयीची माहिती भाषकांच्या संमतीने, त्यांच्याच आवाजात, गावातल्या एखाद्या खोलीत ऐकायला मिळेल आणि तिचे मानधन त्यांना मिळेल. त्याआधी निहाली मुलांसाठी पहिलीचे पुस्तक निघाले पाहिजे. क्रम हाच हवा, आधी शाळा आणि मग पाहुणे.

दुसरा आक्षेप विवेकवादी मंडळींचा. या भागाची जी परंपरा वर्षातून एकदा बातम्यांत येते, ती भेंडवळची घटमांडणी. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोलाकार अठरा धान्ये मांडायची, मधल्या खड्ड्यात घागर, पापड, कुरडया ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत झालेल्या बदलांवरून पाऊस-पिकाचे भाकीत सांगायचे. या भाकिताला शास्त्रीय आधार नाही, हे अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने वारंवार सांगितले आहे आणि ते बरोबरच आहे. पेरणीचा निर्णय घटावरून घेऊ नये. तरीही मांडलेल्या त्या अठरा धान्यांकडे पाहिले की सोयाबीन येण्याआधी या मातीत काय काय पिकत होते, याची आठवण एका वर्तुळात समोर येते. भाकीत नाकारूनही ती आठवण जपता येते. सोनाळ्याच्या संत सोनाजी महाराजांच्या यात्रेलाही हेच लागू आहे. यात्रा हा श्रद्धेचा विषय आहेच. पण कोणत्या गावचे लोक येतात, मानकरी कोण, प्रसादाचे धान्य कुठून जमते, या नोंदी म्हणजे पायथ्याच्या गावांच्या नात्यांचा दस्तऐवज आहेत. तो लिहून ठेवायचे काम अजून व्हायचे आहे.

आता घाई का, ते सांगतो. अकोला-खंडवा ही जुनी मीटरगेज वाट मेळघाटच्या पोटातून, धुळघाटच्या सर्पिल वळणावरून जात होती. रुंदीकरणासाठी तिच्यावरची वाहतूक २०१७ पासून थांबली. व्याघ्र प्रकल्पातून रुंद रूळ नकोत, या वनप्रेमींच्या आणि राज्य सरकारच्या आग्रहामुळे जंगल टाळणारा पर्यायी मार्ग ठरला. तो हिवरखेड, सोनाळा, जामोद, कुंवरदेव, खकनार असा जातो. वाघासाठी हा निर्णय योग्यच होता आणि सोनाळा-जामोदसारख्या पायथ्याच्या गावांनाही पहिल्यांदा रेल्वे मिळेल. पण मार्गावरची ही नावे वाचा. निहाली भाषेचा जो नकाशा अभ्यासकांनी काढला, त्याच्याच अंगावरून हे रूळ जाणार आहेत. सोनाळ्याच्या उत्तरेला अंबाबरवा अभयारण्य आहे, १९९७ साली घोषित झालेले, सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे, आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. त्याच्या सफारीचे दार वसालीला आहे. स्थानक झाले की सोनाळा ‘वाघाचे दार’ म्हणून विकले जाईल, हे सांगायला घटमांडणी लागत नाही. ताडोब्याच्या दारांभोवती रिसॉर्ट कसे उभे राहिले, शेतजमिनी कोणाच्या हातात गेल्या, ते विदर्भाने पाहिले आहे. सोनाळ्याची ओळख केवळ सफारी हीच राहिली, तर नफा बाहेरच्या मालकाचा होईल आणि गावाच्या वाट्याला जिप्सीचालकाची नोकरी येईल. गावाकडे सांगण्यासारखे स्वतःचे काही असेल आणि ते आधीच लिहून, ठरवून ठेवलेले असेल, तर सौदा करताना गावाचा हात वर राहील.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: पराटीला भाव नाही, खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराने माणसे जातात, अशा तालुक्यात वारसा आणि पाहुणे ही चैन कशाला? या प्रश्नापुढे कोणीही नम्रच व्हावे. वान धरणाच्या पाण्यावरची १४० गावांची योजना या भागासाठी कोणत्याही पर्यटन आराखड्यापेक्षा महत्त्वाची आहे आणि पर्यटनासाठी तिच्यातला एक थेंबही वळवता कामा नये. पण सोनाळ्यासारख्या गावात मी सुचवतो त्या गोष्टींना पाणीही लागत नाही आणि कोट्यवधींचा निधीही लागत नाही. सुशोभीकरणाच्या नावाखाली बसवलेल्या सिमेंटच्या कमानी आणि रंगीत फरशा हीच खरी चैन आहे आणि त्यांवर दर वर्षी पैसा जातोच. त्याच पैशात जुन्या विहिरी आणि उरलेल्या गढ्या मोजून त्यांची नोंद होईल, धाब्याच्या चार चांगल्या घरांची दुरुस्ती होईल, नरनाळा-वारी भैरवगड-सोनाळा-भेंडवळ असा दोन दिवसांचा रस्ता सांगणारी पुस्तिका छापता येईल.

फ्रेंच मोजपट्टीतली एक अट मात्र आपण जशीच्या तशी घ्यावी: गावाचा ठराव. पाहुणे हवेत की नको, किती हवेत, कोणत्या महिन्यांत, कोणाच्या घरी, हे ग्रामसभेने ठरवावे. स्थानकाभोवतीची जमीन बिगरशेती होण्याआधी ठरवावे. हंगामाचा हिशेबही त्यात मांडावा. चैत्र-वैशाखात इथे उन्हाचा पारा ४४ अंशांवर जातो, पावसाळ्यात अभयारण्याचे दार बंद असते. म्हणजे पाहुण्यांचे महिने कार्तिक ते माघ. याच महिन्यांत कापूस वेचणीला येतो, तुरी सोंगायच्या असतात आणि घरातली प्रत्येक बाई शेतात असते. त्या दिवसांत एका घराला आठवड्यात दोन माणसांची भाकर जास्तीची थापता येईल, दहांची नाही. गावाची क्षमता या हिशेबाने काढली तर आकडा लहान येईल. तो लहानच ठेवण्याचा अधिकार सोनाळ्याच्या ग्रामसभेकडे लेखी असावा.