तत्त्वज्ञान आणि शरीरशास्त्र

तत्त्वज्ञान शिकणारानें शरीराचा विचार कशाला करावा, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें हा मोठा गैरसमज आहे. जर्मनींतील हेल्महोल्ट्झचें उदाहरण घ्या. बाप शाळामास्तर, घरीं पैसा बेताचा. म्हणून सरकारी खर्चानें वैद्यक शिकून त्याबदलीं फौजेंत डॉक्टरी करण्याचें त्यानें पत्करलें. बर्लिनला शरीरशास्त्र शिकतां शिकतां त्यानें कांट या तत्त्ववेत्त्याचे ग्रंथही वाचले. बाहेरच्या वस्तूचें ज्ञान मनास कसें होतें, हा तत्त्वज्ञांचा जुना प्रश्न. मज्जातंतूंतून संदेश किती वेगानें जातो तें मोजतां येणार नाहीं, असें त्याचे गुरु म्युलर मानीत. शिष्यानें १८५० सालीं बेडकाच्या तंतूवर प्रयोग करून वेग मोजला: सेकंदास सुमारें ३० मीटर! म्हणजे विंचू पायास डसतो त्याच क्षणीं मनास कळत नाहीं. मध्यें थोडा वेळ जातो. नुसत्या तर्कानें हें उमगलें असतें काय? आणि प्रश्नच पडला नसता, तर बेडूक कापून तरी काय हातीं लागलें असतें?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, हात आणि डोकें एकत्र चालल्यावांचून गाड्याचें चाक होत नाहीं, हें तुम्हांस सांगावयास नको. तुमचा मुलगा अगर मुलगी विद्यापीठांत जाईल, तेव्हां दोन्ही शास्त्रें शिकूं द्या.